मोकळी ओळ

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी गेनोवेफाबाईंनी मला शहर दाखवलं. त्या शहरात मी तेव्हा चोवीस वर्षं राहत होते.

टेकडीवरची वसाहत, तिथून बस, बसने शिवणकामाचा कारखाना आणि तसंच परत. मला प्शेमिशल ठाऊक होतं ते एवढंच. चर्चचे मनोरे बसच्या काचेतून दिसायचे, काच पुसली तर. कारखाना बंद झाला तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. शवपेट्या आणि पुष्पचक्रं विकणाऱ्या एका दुकानाला निधनपत्रकं लावायला माणूस हवं होतं. त्यांची जुनी बाई एप्रिलमध्ये काम सोडणार होती. मालकिणीने मला पाहिलं आणि बूट चांगले आहेत का, एवढंच विचारलं.

पत्रक म्हणजे साधा कागद. काळी चौकट, वर क्रूस, नाव, वय, दफनाचा दिवस आणि वेळ, खाली शोकाकुलांची यादी. आधी पत्नी, मग मुलं, मग बाकीचे. आमच्या गावात माणूस गेल्याचं फोनवर कळलं तरी ते भिंतीवर वाचल्याशिवाय कोणाला पटत नाही. यादीत ज्यांची नावं, ते शवपेटीच्या मागे पहिले चालतात. बाकीचे त्यांच्या मागे.

गेनोवेफाबाई सहासष्ट वर्षांच्या होत्या. अंगात पुरुषी जाकीट, हातात काकडीच्या लोणच्याची प्लास्टिकची बादली, तिच्यात पिठाची खळ. थंडीत गोठू नये म्हणून त्या खळीत थोडं स्पिरिट घालत. दुसऱ्या खांद्यावर कागदांची चपटी पिशवी, तिच्या कप्प्यात एक काळा मार्कर. बोलायच्या कमी. बोलल्या तर समोरच्या माणसाकडे न बघता, भिंतीकडे बघून.

"मी कागद वाचत नाही," त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "वेळ बघते. वेळ चुकली तर लोक माझ्यावर येतात. नाव चुकलं तर दुकानावर."

त्या मंगळवारी तीन माणसं होती. एक निवृत्त शिक्षिका, एक रेल्वेतला, आणि तिसरा तेओदोर हालिक, वय एकाहत्तर. तिसऱ्या पत्रकावरचा क्रूस तीन आडव्या दांड्यांचा होता आणि वरची एक ओळ दुसऱ्या लिपीत होती, म्हणजे माणूस पूर्वेच्या पद्धतीच्या चर्चचा. आमच्याकडे रोमन कॅथलिक आणि पूर्वेचं, दोन्ही आहेत. दोन्हींचे कागद एकाच खळीने लागतात.

मी गठ्ठा मोजत होते आणि मला ते दिसलं. 'पत्नी' या शब्दाखाली एक अख्खी ओळ मोकळी होती. त्याखाली 'मुलगी, जावई, नातवंडं'.

"इथे काहीतरी छापायचं राहिलंय," मी म्हणाले.

"राहिलं नाही," मालकीण म्हणाली. "मीच छापखान्याला फोन केला होता. घरच्यांनी दिलेल्या मजकुरात तशीच मोकळी होती म्हणे. म्हाताऱ्याने इस्पितळात स्वतःच्या हाताने लिहून दिलंय सगळं. आता त्याच्याशी हुज्जत घालायला कोण जातंय? मी तर नाही."

गेनोवेफाबाईंनी माझ्या हातातून एक कागद घेतला. हात लांब करून धरला, कारण चष्मा जाकिटाच्या आतल्या खिशात होता आणि तो काढायचं त्यांच्या मनात आलं नाही. बराच वेळ धरला. वेळ बघायला इतका वेळ लागत नाही.

"बुधवार, अकरा," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. चला, बाई."

एकूण एकतीस जागा. पहिल्या काही फ्रान्सिस्कन रस्त्यावर. तिथून चढ सुरू होतो, आणि आमच्या शहरात एकदा चढ सुरू झाला की तो कुठे संपतो ते सांगता येत नाही. बर्फ वितळून पुन्हा गोठलेला होता. गेनोवेफाबाई भिंतीच्या कडेने चालत होत्या, जिथे दुकानदारांनी राख टाकलेली असते. मी त्यांच्या पावलांवर पावलं टाकत होते.

त्या मला जे दाखवत होत्या ते शहर मी बसमधून कधी पाहिलं नव्हतं. मनोऱ्यांकडे त्या मान वर करत नसत. हा दगड ओला असतो, इथे खळ धरत नाही. ही पाटी वाऱ्याच्या तोंडाला आहे, चारही कोपरे दाबायचे. या फाटकावर चिकटपट्टी लावायची, इथली बाई रंगावरून भांडते. ज्याचं दफन व्हायचंय त्याच्यावर दुसऱ्याला लावायचं नाही, जागा नसली तरी नाही. झालं असेल तर दुसऱ्या दिवसापासून चालतं.

"आणि दोघांना एकदम लावायचं असेल, जागा एकाचीच असेल तर?"

"ज्याचं आधी आहे त्याला. घाई त्याला आहे."

घड्याळाच्या मनोऱ्याखाली तंबाखूच्या दुकानासमोर वितोल्द नावाचे एक गृहस्थ उभे होते. ते रोज तिथेच असतात हे मला नंतर कळलं. हातात पाइप, पेटवलेला नाही.

"गेनिया, माझं आणलंस का?"

"तुमचं छापायला टाकलंय. नाव लांब आहे, कागद पुरत नाही म्हणतात."

"आडवा धरायचा कागद. आणि ही कोण, नवी?"

"माझ्यानंतरची."

"म्हणजे मला ही लावणार?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सरळ लावशील ना, बाई? ही वाकडं लावते. माझा मेव्हणा आठवडाभर तिरका होता."

"तो जिवंतपणीही तिरकाच होता," गेनोवेफाबाई म्हणाल्या आणि पुढे गेल्या. त्यांचा चेहरा तसाच होता. हे बोलणं त्या दोघांत वर्षानुवर्षं चालत आलेलं असणार. जीभ आपणहून ते करत होती.

मग माझ्या लक्षात आलं की शिक्षिका आणि रेल्वेवाला त्या मला लावायला देत होत्या, शिकावं म्हणून, पण तेओदोर हालिक देत नव्हत्या. तो त्या स्वतः लावत होत्या. आधी पाटीला खळ, मग कागद, मग कागदावरून पुन्हा ओला ब्रश, आणि शेवटी तळव्याने हवा काढायची. तळवा वरून खाली येताना त्या मोकळ्या ओळीवर दर वेळी थोडा थांबायचा. तिथे शाई नव्हती, म्हणून कागद तिथे जरा फुगत असेल, असं मला वाटलं. माझ्या डोक्यात अजून कापड होतं. कापड असंच फुगतं.

चौकातून वर, कॅथीड्रलच्या मागून, कार्मेलाईट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत. तिथे एक जुनी लाकडी पाटी आहे. कागदांवर कागद चढून ती दोन बोटं जाड झालेली. गेनोवेफाबाईंनी खिशातून खरवडणी काढली आणि कोपऱ्यातून एक तुकडा सोलला. तुकड्याच्या कडेला थर दिसत होते, पांढरा, पिवळा, करडा, पुन्हा पिवळा.

"हे सगळे खाली आहेत," त्या म्हणाल्या. "ही पाटी बदललेली नाही. माझी आई पण असेल. अगदी तळाशी."

त्यांनी तुकडा बादलीत टाकला नाही. खाली बर्फावर टाकला आणि कागद लावायला घेतला. वर उभं राहिलं की खाली नदी दिसते, सान, आणि पलीकडचा अर्धा गाव. त्या तिकडे पाठ करून काम करत होत्या. मी नदीकडे बघितलं. ती करड्या रंगाची होती. मला काही वाटलं नाही. कारखाना बंद झाल्यापासून मला फारसं काही वाटत नव्हतं आणि मला ते सोयीचं झालं होतं.

किल्ल्याखालून उतरलो, काझिमिएश रस्ता, मग स्टेशन. बावीस जागा झाल्या. दुपारी स्टेशनजवळच्या स्वस्त खाणावळीत बसलो. काउंटरमागच्या बाईने न विचारता बटाटा आणि पनीर भरलेल्या पिरोगींच्या, म्हणजे उकडलेल्या करंज्यांच्या, दोन ताटल्या ढकलल्या.

"आज कोण?"

"दारावर लावलंय. वाच."

"माझे हात पिठाचे आहेत, गेनिया. तोंडाने सांग की."

"एक शिक्षिका. एक रेल्वेतला. आणि एक पलीकडचा."

"पलीकडचा," बाई म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

गेनोवेफाबाईंनी दोन पिरोगी खाल्ले. मग काटा ताटलीच्या कडेला ठेवला.

"तो माझा भाऊ," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला.

त्यांनी जे सांगितलं ते एका सुरात सांगितलं, सूचना वाचून दाखवावी तसं. बाप पूर्वेच्या चर्चचा, आई रोमन. तशा घरांत मुलगे बापाच्या चर्चमध्ये जात, मुली आईच्या. म्हणून घरात नाताळ दोनदा व्हायचा, दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि आई दोन्ही वेळा बारा पदार्थ करायची. बाप लवकर गेला. तेओदोर लग्न करून पलीकडे राहायला गेला, पुलावरून पंधरा मिनिटं. मग आई अंथरुणाला खिळली. चार वर्षं.

"तो सणाला यायचा. संत्री घेऊन. तेव्हा संत्री मिळत नव्हती, कुठून आणायचा कोण जाणे. मी चार वर्षं तिची अंथरुणं धुतली, बाई, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, तेओदोरने संत्री आणली. मार्चपर्यंत सांगायची."

आई चौऱ्याहत्तर साली गेली. गेनोवेफाबाई तेव्हाही हेच काम करत होत्या. मजकूर घेऊन त्याच छापखान्यात गेल्या. मजकुरात आधी 'मुलगा तेओदोर, सहकुटुंब' असं होतं, खाली 'मुलगी गेनोवेफा'. तेव्हा शिशाच्या अक्षरांनी जुळवत. जुळारी चौकट बांधून तयार होता. त्यांनी ती उलटी अक्षरं वाचली, कारण त्यांना ती वाचता येत होती, आणि म्हणाल्या, वरची ओळ काढा.

"तो म्हणाला, आता? पुन्हा बांधायला अर्धा तास जाईल. मी म्हटलं, काढा. त्याने ओळ उपसली आणि तिच्या जागी कोरं शिसं ठोकून बसवलं. तसंच छापलं. ज्याला डोळे होते त्याला कळलं की तिथून कोणीतरी उपटलंय."

"आणि भाऊ?"

"त्याने घड्याळाच्या मनोऱ्याखाली वाचलं, कामावरून येताना. मला वितोल्दने सांगितलं. दफनाला आला, पण रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला. शवपेटी गेली तेव्हा टोपी काढली. मग गेला. एकोणतीस वर्षं झाली."

"एकदाही बोलला नाहीत?"

"बाजारात दिसायचा. तो मान हलवायचा. मी पण."

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. दारावरचा कागद आतून दिसत होता, मागच्या बाजूने, चौकट आणि ओळींचे काळे पट्टे. ती ओळ नव्हती तेवढ्या जागेतून रस्ता जरा जास्त दिसत होता.

"म्हणजे त्याने ती जागा तुमच्यासाठी..."

"कशासाठी ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एक तर, तू मला काढलंस, मी तुला काढलं. नाहीतर, ये. दोन्ही सारखंच दिसतं, काय करणार? मला एवढंच कळायला हवं की उद्या अकरा वाजता मी चालू कुठे. घरच्यांत चालले आणि त्याला ते नको होतं, तर मी भर रस्त्यात त्याच्या बायकोसमोर निर्लज्ज ठरते. गर्दीत चालले आणि त्याने बोलावलं होतं, तर..." त्यांनी काटा उचलला, पुन्हा ठेवला.

"तुमच्याकडे मार्कर आहे," मी म्हणाले.

"मार्कर चुकलेली वेळ दुरुस्त करायला आहे."

आम्ही पूल ओलांडला. पुलावर वारा होता. दोघींनी डोकी खाली घातली आणि पाण्याकडे कोणी पाहिलं नाही. पलीकडच्या जागा नऊ. नववी शेवटची ठेवली होती, मी विचारलं नाही. ज्याचं पत्रक आहे त्याच्या इमारतीच्या दारावर एक लावावंच लागतं, हा नियम मला सकाळीच सांगून झाला होता.

चार मजली इमारत, हिरवं दार, जिन्यातून कांदा परतल्याचा वास. गेनोवेफाबाई त्या दारापर्यंत कधी आलेल्या नव्हत्या, पण घंटेच्या बटणांवरची नावं त्यांनी शोधली नाहीत. तिथे चिकटपट्टी लागत होती. मी दातांनी तुकडे तोडून दिले. त्यांनी चारही कोपरे लावले, आणि दार आतून उघडलं.

चाळिशीची बाई, काळा स्वेटर, पायात घरातल्या सपाता. त्यांची भाची नादिया. शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहा-बारा वर्षांची असणार.

"दुकानाकडून ना? आई विचारत होती, वेळ नीट आलीय का."

"बुधवार, अकरा," गेनोवेफाबाई म्हणाल्या.

नादियाने वाचलं. बोट खाली आलं आणि थांबलं. "ही बघा. सकाळपासून तीन शेजारणी विचारून गेल्या. मी बाबांना म्हटलं होतं, लोक म्हणतील छापणाऱ्याची चूक आहे. म्हणाले, म्हणू देत. जिला कळायचं तिला कळेल. मी म्हटलं, कोणाला? म्हणाले, झोपू दे मला."

"रागात होते का?"

नादियाने त्यांच्याकडे पाहिलं. "काय माहीत. त्यांचा आवाज तसाच होता, राग असो नसो. ताप होता. मग दुपारी उठले आणि सूप मागितलं. दोन दिवसांनी पहिल्यांदा." तिने स्वेटर गळ्याशी ओढला. "तुम्ही का विचारता?"

"कधीकधी घरच्यांना चूक नंतर सापडते. मग नवं छापायला लागतं."

"नाही, असू दे. त्यांनीच लिहिलंय. आत येता का? चहा ठेवलाय. थंडीने ओठ निळे पडलेत तुमचे."

"हात खळीचे आहेत," गेनोवेफाबाई म्हणाल्या.

दार लागलं. आम्ही थोडा वेळ तिथेच उभ्या राहिलो. मला वाटलं त्या रडतील आणि मग मला काहीतरी करावं लागेल. त्यांनी नाक पुसलं, पण ते वाऱ्याने गळत होतं.

परत पुलावर आलो तेव्हा चार वाजून गेले होते आणि उजेड पांढऱ्याचा निळा होत चालला होता. पिशवीत तेओदोर हालिकचा एक कागद शिल्लक होता. एक नेहमी जास्त छापतात, तो दुकानात परत जातो, फायलीत लागतो. दुकान डावीकडे होतं. गेनोवेफाबाई उजवीकडे वळल्या.

त्यांचं घर जुन्या तटबंदीजवळच्या गल्लीत. फाटकाशी आल्यावर त्यांनी बादलीचं झाकण उघडलं. खळ वरून घट्ट झाली होती, त्यांनी ब्रशच्या दांड्याने ढवळली. फाटकावर रंग नवा होता. तरी त्यांनी चिकटपट्टी मागितली नाही. खळ लावली, कागद ठेवला, तळव्याने वरून खाली हवा काढली. या वेळी तळवा कुठे थांबला नाही.

आता हेही सांगायला हवं. दुसऱ्या गल्लीत राहणाऱ्या माणसाचं पत्रक आपल्या फाटकावर लागलं, तर त्याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो. याच दारामागे त्याचं कोणीतरी राहतं.

तळमजल्याची खिडकी उघडली. शेजारीण स्तेफानिया, डोक्याला रुमाल.

"गेनिया, आपल्या फाटकावर काय लावतेस? आपल्यात कोणी गेलं नाही."

"माझा भाऊ."

"तुला भाऊ होता?"

"होता."

स्तेफानिया खिडकीतून गेली आणि कोट खांद्यावर टाकून फाटकाशी आली. चष्मा लावून तिने सगळं वाचलं, क्रूसापासून. मग यादी, ओठ हलवत.

"यात तर तुझं नाव नाही."

"आहे," गेनोवेफाबाई म्हणाल्या. त्यांनी त्या मोकळ्या ओळीकडे बोट केलं, खळीने पांढरं झालेलं. "इथे."

स्तेफानियाने तिथे पाहिलं. वाकून, जवळून पाहिलं. मग सरळ झाली, तीन आडव्या दांड्यांच्या क्रूसासमोर स्वतःच्या पद्धतीने क्रूसाची खूण केली आणि म्हणाली, "फाटक रंगवून आठ दिवस झाले नाहीत." आणि आत गेली.

गेनोवेफाबाईंनी ब्रश बर्फात पुसला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या साडेदहाला ये. काळा कोट असेल तर घाल. त्यांच्यात क्रूस उजवीकडून करतात की डावीकडून, मी विसरले. तू कोणाचंतरी बघ आणि मला सांग."

तोवर त्या मला अहो म्हणत होत्या.

बुधवारी मी गेले. सांगते ते मी पाहिलं तेवढंच. चर्चमधून शवपेटी बाहेर आली, मागे विधवा, तिच्या एका बाजूला नादिया आणि दुसऱ्या बाजूला जावई. गेनोवेफाबाई पायऱ्यांपाशी उभ्या होत्या, घरच्यांत नाही आणि गर्दीतही नाही. नादियाने त्यांना पाहिलं आणि आईच्या कानाशी काहीतरी बोलली, बहुतेक, त्या दुकानातल्या बाई आल्यात. विधवेने मान वळवली. ती त्यांना ओळखत होती.  जावयाच्या हातातून तिने आपला हात काढून घेतला आणि त्याला पलीकडे, नादियाच्या बाजूला, जायची खूण केली. आता विधवेच्या डाव्या हाताला एका माणसाएवढी जागा झाली.

गेनोवेफाबाई तिथून चालल्या. दोघी एकमेकींना धरून नव्हत्या. दफनभूमीपर्यंत तेवढंच अंतर राहिलं.

गुरुवारी मी पहिल्यांदा एकटी निघाले. दोन नवी माणसं होती. घड्याळाच्या मनोऱ्याखाली जागा नव्हती, म्हणून मी तेओदोर हालिकवर लावलं. त्याचं होऊन गेलं होतं. वितोल्द म्हणाले, जरा डावीकडे झुकलंय. मी मागे सरून पाहिलं. झुकलं होतं. खळ अजून ओली होती, पण मी तसंच राहू दिलं आणि चढाला लागले.